डाव्या बाजूचा आरसा

मेलेल्या माणसांचं काम घ्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. दोन काचांच्या मध्ये फूल ठेवा, लग्नातल्या शालूचा तुकडा ठेवा, बाळाचं जावळ ठेवा, सगळं करून देईन. पण कुणाच्या आईचा शेवटचा फोटो, कुणाच्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण, असलं काही घेऊन बाई दारात उभी राहिली की माझा हात चालत नाही. ती रडते, मग मला चहा टाकावा लागतो, आणि तिकडे तापायला ठेवलेलं सोल्डरिंग आयर्न उगाच जळत बसतं. घरचे म्हणतात, तुझी जीभ त्या आयर्नपेक्षा गरम असते. ते काही अगदीच खोटं नाही.

काम तसं मोठं नाही. निगडीतल्या आमच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनला लागून एक टेबल आहे, तिथे मी काचेचे दागिने करते. काच कापायची, दोन तुकडे एकावर एक बसवायचे, कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळायची, तिच्यावर फ्लक्सचं तिखट पाणी लावून सोल्डर, म्हणजे कथलाची तार, वितळवत फिरवायचं. कड चांदीसारखी गोल उमटली आणि वर एक कडी बसली की पेंडंट झालं. सोल्डरिंग मी भोसरीच्या एका कंपनीत शिकले. लग्न होऊन लातूरहून इकडे आले आणि तिथे लाइनवर बसून वायरची टोकं जोडू लागले. पुढे ती लाइनच बंद झाली, हातात एवढं कसब राहिलं. काच मात्र मला कुणी शिकवली नाही. बोटं कापून घेत घेत शिकले.

त्या दिवशी गुरुवार होता. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे माझी बहुतेक गिऱ्हाइकंही गुरुवारीच येतात. दार उघडलं तर नऊवारी नेसलेली एक म्हातारी. चाकणच्या पलीकडच्या गावातून बस बदलत आली होती. तिच्या भावकीतल्या एका मुलीने माझ्याकडून पेंडंट नेलं होतं, त्यावरून तिने पत्ता शोधला होता. आत येऊन बसली आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. मोटारसायकलचा आरसा होता, दांड्यासकट.

“ह्याचं गळ्यात घालायचं करून देतीस का?”

“कुणासाठी?”

“सुनंसाठी.”

“आणि आरसा कुणाचा?”

“पोराच्या गाडीचा. पोरगं न्हाई आता.”

मी लगेच सांगून टाकलं, “मावशी, मी असली कामं घेत नाही.” मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिने पाणी मागितलं, सावकाश प्यायली, आणि मी विचारलं नसताना सांगायला लागली.

तिचा एकुलता एक मुलगा चाकणच्या कंपनीत ऑपरेटर होता. वर्ष उलटून गेलं होतं त्या गोष्टीला. सकाळच्या शिफ्टला निघाला, कंपनीच्या गेटकडे डावीकडे वळायला लागला आणि मागून डाव्या अंगाने एक टेम्पो आला. गाडी उजवीकडे आडवी झाली. डाव्या बाजूच्या आरशाला साधा ओरखडाही उमटला नाही. “मानूस गेला आन काच ऱ्हायली,” ती म्हणाली, आणि आरशाकडे जरा रागानेच बघितलं.

आता ती सुनेचं लग्न लावून देत होती. स्थळ तिनेच शोधलं होतं. मुलगा सांगवीचा, बिजवर, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान असलेला. राजगुरुनगरला नोंदणी करायची, चार माणसांना जेवायला घालायचं आणि मुलगी पाठवायची, एवढाच बेत होता.

“भावकी म्हनतीया, हाताशी आलेली सून घालवतीस, येडी झालीस. मी म्हनलं, मी म्हातारी झाले म्हनून तिला बी म्हातारी करू का?”

“मग हा आरसा कशाला?” मी विचारलं.

“त्यो कामावर निघताना ह्यातच केस विंचरायचा. घरात भिंतीला चांगला आरसा हाय, पर न्हाई, गाडीवरच. त्याचा फोटो तिला न्हेता यायचा न्हाई. नव्या घरात बरं दिसत न्हाई त्ये. ह्ये गळ्यात आसलं तर कुनाला कळायचं बी न्हाई.”

मला राग आला. ती मुलगी कुठेतरी नवं घर मांडायला निघालीय आणि ही तिच्या मागे आठवणींचं लोढणं लावून देतेय, असं वाटलं. मनात आलेलं माझ्या तोंडात थांबत नाही. म्हटलं, “नव्या नवऱ्याकडे पाठवताना तिच्या गळ्यात जुना नवरा बांधून देताय तुम्ही.”

तिने टॉवेलाच्या टोकाने आरसा पुसला. मग म्हणाली, “बांधत न्हाई. देतीया. घालायचं का न्हाई त्ये तिचं ती बघंल.”

आरसा मी ठेवून घेतला. का घेतला असं नंतर नवऱ्याने विचारलं, तेव्हाही मला नीट सांगता आलं नाही. एवढ्या लांबून आली होती, एवढंच म्हणाले.

आरशाचं काम मी त्याआधी केलेलं नव्हतं. साध्या काचेसारखंच असेल असं धरून चालले, तिथेच फसले. एक तर गाडीचा आरसा किंचित फुगीर, कटर सरळ चालत नाही. तरी त्यातून दोन बरे तुकडे निघाले. पहिल्याला पट्टी लावली, फ्लक्स लावला, सोल्डर फिरवलं. कड सुंदर आली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर फ्लक्स पट्टीखालून आत शिरलेला आणि त्याने आरशामागचा पारा खाल्लेला. काजळ पसरावं तशी सगळ्या बाजूंनी काळी कड. पुसून जाणारी गोष्ट नव्हती ती. दुसऱ्या तुकड्याच्या कडांना मी आधी नेलपॉलिश लावलं आणि ते पक्कं वाळू दिलं, म्हणजे फ्लक्सला शिरायला जागा राहू नये. एरवी मी काम करताना रेडिओ लावते. त्या तुकड्यावर काम करताना लावला नाही.

तो तुकडा वाळत होता तेव्हाच सुनेचा फोन आला, भावकीतल्या त्याच मुलीकडून तिने नंबर घेतला होता, आणि त्याच दुपारी ती स्वतः आली. पॅकिंगच्या कंपनीत होती, सकाळची शिफ्ट संपवून तशीच आलेली, अंगात कंपनीचा निळा शर्ट. वयाने इतकी लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. दारातूनच म्हणाली, “ताई, आईंनी आरसा दिलाय ना? तो करू नका.”

“हे तू त्यांना सांग ना.”

“मला त्यांना नाही म्हणता येत नाही.”

मी तिला आत घेतलं. बाल्कनीतल्या स्टुलावर ती बसली आणि तिची नजर टेबलावरच्या तुकड्यावर गेली. तिने लगेच मान फिरवली. मग वॉशिंग मशीनकडे बघत बोलायला लागली.

“आम्ही गाडीवरनं कुठं निघालो की ते डावा आरसा माझ्याकडं वळवून घ्यायचे. साडी असली की मी एका बाजूला पाय टाकून बसायचे ना, तर त्यात त्यांना माझं तोंड दिसायचं. मी म्हणायचे, अहो रस्ता बघा. तर म्हणायचे, रस्ता पुढं आहे, मागं तू आहेस.” ती थोडी हसली. ते हसू मला अजून आठवतं. “आदल्या संध्याकाळी आम्ही चाकणला बाजाराला गेलो होतो. सकाळी ते घाईत केसही न विंचरता तसेच निघाले. आरसा माझ्या बाजूलाच वळलेला राहिला. तो रस्त्याकडं असता तर त्यांना टेम्पो दिसला असता.”

टेम्पोवाल्याची चूक होती, तू कशाला मनाला लावून घेतेस, असं काहीतरी मी बोलले. सगळे बोलतात तेच. “आरसा वळला म्हणून माणूस मरत नाही,” असंही म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत?” ती शांतपणे म्हणाली.

खरंच, मला काय माहीत होतं?

“आईंना हे ठाऊक नाही,” ती म्हणाली. “कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत. आणि त्या तर पोटच्या पोरीसारखं माझं लग्न लावून देतायत. लोकांचं ऐकून घेतायत माझ्यासाठी. तो आरसा गळ्यात घालून मी त्यांच्या पाया पडू कशी?” उठताना तिने माझा हात धरला. “मी आले होते हे सांगू नका.”

ती गेल्यावर मी आयर्न बंद केलं. मला त्या मुलीची फार कणव आली. अपघातात तिचा काही हात नव्हता हे मला दिसत होतं, पण मला दिसून तिचं काय होणार होतं? तिला जिच्याकडून ऐकायला हवं होतं, तिच्यापासूनच ती लपवत होती. आणि हे असंच मनात घेऊन ती सांगवीला जाणार, तिथे संसार करणार, रोज डोक्यावर पदर घेऊन हसणार. मी आरसा केला तरी वाईट आणि नाही केला तरी तिचं ओझं काही हलकं होत नव्हतं.

तरी दुसरा तुकडा मी पुरा केला. चांगला झाला. मागे साधी काच, वर बारीक कडी. तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गुरुवारी म्हातारी आली तेव्हा तिच्यापुढे काळ्या कडेचा तुकडा ठेवला.

“ह्ये काळं काय?”

“बिघडला, मावशी. आरशाचं नाही जमत मला.”

तिने तो तुकडा उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. “पोरगी येऊन गेली न्हवं?”

मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

“ब्लाउज शिवायला टाकते म्हनून निगडीला आली व्हती. चाकनातले शिंपी काय मेल्यात?”

खोटं बोलणं हे माझं कामच नव्हे, मला ते येत नाही. मी ड्रॉवर उघडला आणि चांगलं पेंडंट काढून तिच्या हातात दिलं. तिने ते तळहातावर घेतलं, पण त्यात बघितलं नाही.

“ती नगं का म्हनती त्ये मला ठावं हाय,” ती म्हणाली. “तुला सांगितलं आसंल तर आसू दे, तू काय बोलू नगं. फोन लाव तिला. आज सुट्टी हाय, घरीच हाय ती.”

“घरीच बोला ना मावशी. एका घरात तर राहता तुम्ही.”

“घरात न्हाई जमत. चुलीपाशी दोघी बसतो, तिनं माझ्याकडं बघितलं का मी उठून गोठ्यात जाते. इतके दिस तेच चाललंय. लाव तू.”

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाला घट्ट दाबून धरला, पलीकडचा माणूस निसटेल की काय अशा धास्तीने.

“मी बोलतीया. निगडीला. व्हय, तिथंच. आता मधी बोलू नगं, ऐक. गाडी घरी आली त्या दिशीच मी बघितला व्हता आरसा. आत वळलेला व्हता. कुनाकडं वळलेला व्हता त्ये बी मला कळलं. पयल्यापासनं ठावं हाय मला.”

मग त्या मुलीचा आवाज आला, इतका मोठा की फोन म्हातारीच्या कानाला असूनही मला शब्द न् शब्द कळला.

“मग माझा राग नाही आला तुम्हाला, आई?”

“आला की. लई आला. वरीसभर तुझ्या हातचं जेवले आन मनात तुला शिव्या घातल्या.” पेंडंट धरलेल्या हाताच्या मनगटाने तिने डोळे पुसले. “मंग एक दिस पडवीत गाडी हुबी हाय तिच्यावर मागं चढून बसले. तू बसायचीस तशी, एका अंगाला पाय टाकून. आरशात माझंच थोबाड दिसलं मला. तवा म्हनलं, आगं, माझं पोरगं ह्ये बघत हिंडायचं. लई सुखात व्हतं माझं पोरगं. मला त्ये ठावंच नव्हतं. तुझ्यापायी व्हतं त्ये. म्हनून देतीया तुला. घाल, नायतर पेटीत टाकून ठेव.”

एवढं बोलून तिने फोन माझ्यापुढे धरला. तो बंद कसा करायचा हे तिला माहीत नव्हतं. पलीकडे ती मुलगी रडत होती, आई, आई म्हणत होती. मी फोन बंद केला नाही. पुन्हा म्हातारीच्या कानाला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.