घेणाऱ्याला कशाला ते विचारायचं नसतं

लाल मिरचीचा हंगाम चालू असला की नंदुरबारवरून उडणारे कावळेसुद्धा शिंकतात. खोटं वाटत असेल तर हंगामात या आणि वर बघा. तिथल्या बाजारात मी दलाली करतो. माल माझा नसतो, पैसा माझा नसतो. मूठभर मिरच्या उचलायच्या, एक मोडून बी झटकून दाखवायचं आणि देणाऱ्याची नि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची. माझ्या एका शब्दावर अर्धी दुबई तिखट खाते, असं मी सगळ्यांना सांगतो.

धंद्याचा एक रिवाज वडिलांनी माझ्याकडून घोटून घेतला होता. घेणाऱ्याला भाव विचार, वजन विचार, गाडी कधी लागणार ते विचार. माल कशाला हवाय ते विचारू नकोस. तो खाईल, विकेल, नाहीतर तापीत सोडून देईल. एकदा विचारलंस की ते गिऱ्हाईक दुसऱ्याच्या ओट्यावर बसलं म्हणून समज.

म्हणून माझ्या मिरच्या वर्षानुवर्षं घेणारा दुबईचा शेठ जेव्हा म्हणाला, "फवारणीचे ड्रोन मिळवून द्या," तेव्हा मी विचारलं नाही. लोणखेड्याला कॉलेजातला माझा एक दोस्त केळीच्या बागांसाठी हे ड्रोन जोडतो. एवढे मोठे, की पंख उघडले तर सावलीत लग्नाची पंगत बसेल. मी गाठ घालून दिली.

मग शेठच्या एकेक फर्माइशी येऊ लागल्या. औषधाची टाकी नको. टाकीच्या जागी वजन अडकवून उंचावरून सोडता येईल अशी कडी लावा. अंधारात दिसणारा कॅमेरा बसवा. हिरवा रंग काढून राखाडी द्या. मी प्रत्येक शब्द जसाच्या तसा दोस्ताला कळवला. अंधारात कोणत्या पिकावर फवारणी करतात, असा प्रश्न मनात आला होता. तो मी मिरचीच्या ठसक्यासारखा गिळला.

खोकी बंदराला निघायची होती, त्याच दिवशी सुरतेहून भाची आली. ती तिथे निर्यातवाल्यांची वकिली करते. आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायचं असतं. पडलो, आणि उठता उठता सांगून टाकलं, "तुन्हा मामा आते इमानं धाडी ऱ्हायना परदेशले."

ती हसली नाही. तिने फोन मागून शेठचे निरोप वाचले.

"मामा, याना परवाना कोठे शे?"

"माल मन्हा नई, बाई. मालवाला पाही ली."

"नि तुन्हा परवाना?"

"माले कसाले? मी तं नुसती गाठ घाली दिधी."

तिने मला समोर बसवलं. युद्धात वापरता येईल असा माल सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही. आणि असा व्यवहार जाणूनबुजून जुळवून देणाराही गुन्हेगार ठरू शकतो, माल त्याच्या हाताला लागलेला नसला तरी. अर्जात आधी हेच लिहावं लागतं, की शेवटी ती वस्तू कोण वापरणार आणि कशासाठी.

माझं दलाली डोकं लगेच चाललं. जाणूनबुजून ना? मग मी विचारलंच नाही, म्हणजे मला माहीतच नाही. मी सुटलो.

"शंका आली होती का तुला?" भाचीने शांतपणे विचारलं.

मी पाण्याचा तांब्या उचलला. तो आमच्या विहिरीपेक्षा जड लागला.

"शंका येऊनही तोंड बंद ठेवलं, तर मला काही माहीत नव्हतं हे कोर्टात कोण मानेल? तू अडकशील, तुझा दोस्तही अडकेल."

दोस्ताला फोन लावला. वाजत राहिला. त्याच्या शेडमध्ये कटर चालू असला की शेजारी तोफ डागली तरी ऐकू येत नाही. मग आम्ही निघालो. प्रकाशा गावचा पूल मी असा ओलांडला, की तापीला कळलंसुद्धा नसेल कोण गेलं. दर वळणावर समोरून येणारा टेम्पो मला खोकी घेऊन निघालेलाच वाटे. भाची माझ्या फोनवर आलेल्या नंबराशी प्रत्येक टेम्पोचा नंबर ताडून पाहत होती आणि मान हलवत होती.

शेडवर पोचलो तेव्हा ड्रायव्हर ताडपत्रीची दोरी आवळत होता. दोस्त बाहेर आला.

"काय व्हयनं? आग लागनी का कोठे? गाडी निघी ऱ्हायनी, बोल लवकर."

मी फोन टेम्पोच्या फाळक्यावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि शेठला लावला. त्याने नेहमीसारखी खुशाली विचारली.

"शेठ, एक बात पूछनी थी," मी म्हणालो. "मशीन किसलिये चाहिये?"

ड्रायव्हरनेही दोरी सोडून कान दिले.

"इतने साल मिर्ची ली," शेठ म्हणाला. "कभी पूछा?"

"मिर्ची आदमी खाता है, शेठ. परवाने के कागज पे लिखना पड़ता है, कौन चलायेगा, किस काम में."

"दलाल हो. दलाल ही रहो."

फोन कटला. परत लावला तर लागेना. आजतागायत लागलेला नाही.

दोस्त शिवी देईल असं वाटलं होतं. तो हळूच म्हणाला, "कसाले इचारं तू? माले बी समजी गयं आते."

मग त्यानेच दोरीची गाठ सोडली. आम्ही तिघांनी आणि ड्रायव्हरने मिळून खोकी उतरवली. जाताना भाचीने त्याला सांगितलं, कड्या काढ, टाक्या बसव, आणि सगळे निरोप जपून ठेव, पुसू नकोस.

त्या हंगामात दुबईची मिरची माझ्या ओट्यावरून गेली ती गेलीच. समोरच्या दलालाच्या पथारीवर ती वाळताना मी रोज बघतो, आणि डोळ्यांतलं पाणी मिरचीच्या नावावर खपवतो. पण एक खोड मागे राहिली. परवा एका नव्या व्यापाऱ्याने ढिगातली मिरची मोडली, भाव पटला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कसाले पाहिजे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "खावाले, मामा. आखो कसाले?"

तरी मी त्याचं तोंड जरा वेळ निरखून घेतलं, आणि मगच सौदा पक्का केला.