बारा मोजेपर्यंत

मी शिकवीत असे त्या शाळेची वाट रेल्वेच्या मालधक्क्यावरून जात असे. तिथला रूळ बदलणारा सांधेवाला, उतारावर सोडलेला डबा खाली कधी पोहोचेल, हे बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवीत अचूक सांगे. एकदा वर उभा असलेला डबा आपोआप सुटला. खाली रुळांच्या सांध्यात एका हमालाची वहाण पायासकट अडकली होती. धक्क्यावरचे आम्ही सगळे ओरडलो.

"गप बसा की! बारा मोजंपर्यंत येत न्हाय," सांधेवाला म्हणाला.

मोजत मोजतच त्याने हमालापाशी जाऊन, वाकून वहाणेचा पट्टा सोडला आणि नवाला हमालाला बाजूला ओढले. बाराला डबा वहाण चिरडून गेला.

"कसं कळलं?" मी विचारले.

"सुरवातीला लई हळू येतंय, गुरुजी. तेवढा वेळ आपला."

पावलांनी अंतर मोजून, उतारावरून त्वरण काढून मीही ते गणित सोडवले. उत्तर बारा सेकंदच आले. मला अर्धा तास लागला.