सारवायची राहिलेली भिंत

आज मिक्सर चालता चालता जळला. “तूच जास्त वेळ चालवला असशील,” नवरा बाहेरच्या खोलीतूनच म्हणाला. जळक्या वायरच्या त्या वासानं मी थेट माहेरच्या, कामठ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मी लहान असताना एका दुपारी तिथं आग लागली होती. विझल्यावर ओल्या राखेचा वास घशात बसला होता. असं काही झालं की सांज व्हायच्या आत घर सारवून घ्यायची आमच्याकडे रीत, म्हणून शेजारणी शेणाच्या बादल्या घेऊनच आल्या. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, अंगणातूनच सांगून मोकळे झाले होते, “बाईनं चूल विझवली नसन.”

भासऱ्यापुढं, म्हणजे या थोरल्या दिरापुढं, आई कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती दार अडवून उभी राहिली.

“कोनी भिंतीले हात लावाचा नाही. आग चुलीतून लागली म्हनता, मंग चुलीजवळच्या काड्या काऊन नाही जळल्या? हा काळा पट्टा पाहा. खाली बोटभर, वर हातभर. मीटरच्या वायरपासून चढला हाये. आधी पाहा, मंग बोला.”

मला तेव्हा तिची लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वायरमननं त्याच जागी बोट ठेवलं. चुकलो, असं मोठेबाबा कधीच म्हणाले नाहीत. आईनंही मग दर दिवाळीला अख्खं घर सारवलं, तेवढा काळा पट्टा सोडून. मोठेबाबांचं ताट ती रोज त्या पट्ट्यासमोरच वाढायची.