नेरच्या बाजारातली वर्गणी

फारकतीचा कागद हाती आला त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. कोर्टाबाहेर चहा प्यालो आणि यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कंपनीत दुपारच्या पाळीला हजर झालो. आता वाईट वाटेल, मग वाटेल, असं करत आठवडे गेले. नुसती भूक गेली.

माझं गाव उमरखेडच्या पुढं, एसटीनं अर्धा दिवस. आठवीतून शाळा सोडलेली; कोर्टातलं बोलणं डोक्यावरून जायचं. तेव्हा यवतमाळातल्या पुरुषांच्या एका संघटनेतल्या भाऊंनी मला धरून ठेवलं. भाऊंचं पंक्चरचं दुकान. त्यांची स्वतःची फारकत जुनी, मुलगा कुठं शिकतो तेही त्यांना ठाऊक नाही. माझ्या दर तारखेला ते दुकान बंद करून शेजारी बाकावर बसायचे. मग घरी नेऊन खिचडी वाढायचे, अर्धी टाकली तर ओरडायचे. सख्ख्या भावानं केलं नसतं तेवढं त्यांनी केलं.

संघटनेला वकिलाची फी आणि मदतीच्या फोनचा खर्च भागवायचा होता. मोठा देणगीदार कोणी नाही, म्हणून भाऊंनी गणपतीच्या वर्गणीसारखं पावतीपुस्तक छापलं. पहिला बाजार नेरचा. "तुले तिथं सारे ओळखतात, तू चाल," ते म्हणाले.

नेर माझी सासुरवाडी. सासऱ्यांचं तिथं बी-बियाण्याचं दुकान. माझी मुलगी आईसोबत तिथंच राहते. कागदावर तिची भेट महिन्यातून एकदा, पण दिवाळीत तिला चार दिवस माझ्याकडे पाठवायचं सासऱ्यांनी तोंडी कबूल केलं होतं. ते बिनसू नये म्हणून तेवढं दुकान टाळू, असं भाऊंना सांगायचं एसटीत बसल्यापासून ठरवत राहिलो. पण सांगितलं नाही. एवढं करणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

बाजारात लोक हसत होते. "कोणता गणपती गा हा?"

"पुरुषाचा," भाऊ म्हणायचे.

"मंग विसर्जन तं झालंच असन!" एकानं टोला हाणला, आणि पावतीही फाडून घेतली.

मी हापशीवर पाणी प्यायला थांबलो, तेवढ्यात भाऊ सासऱ्यांच्याच दुकानाच्या पायऱ्या चढले. मी धावत मागं गेलो.

"या जवाई, बसा," सासऱ्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग त्यांनी पावतीपुस्तक पाहिलं. "हे कायचं होय?"

"खोट्या केसमंदी अडकलेल्या माणसायसाठी," भाऊ म्हणाले.

सासरे माझ्याकडे वळले. "तुमच्यावर कोणती खोटी केस केली आमच्या पोरीनं?"

गिऱ्हाइकं बघायला लागली. भाऊही माझ्याकडेच बघत होते.

"कोणतीच नाही, मामाजी."

"मंग कायले फिरून राह्यले?"

"मी एकटा होतो तं हे लोक संगं बसले."

सासऱ्यांनी पावती घेतली नाही, हाकललंही नाही. परतीच्या गाडीत भाऊ एवढंच म्हणाले, "सासऱ्याचं दुकान आहे, सांगाचं ना लेका."

पुढच्या आठवड्यात सासऱ्यांचा फोन आला. "पोरगी येईन दिवाळीले. पण तिले त्या लोकायमंदी नेऊ नका. मायच्या नावानं वाईटसाईट तिच्या कानावर नाही पडलं पाह्यजे."

मी बरं म्हणालो. भाऊंनी तर मुलीला फराळाला आण म्हणून आधीच बजावलं होतं. दुकानात गेलो तेव्हा ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होते. सासरे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ट्यूब पाण्यातून काढून फडक्यानं पुसली.

"नको आणू मंग," ते म्हणाले. "पोरगी भेटली पाह्यजे. त्याच्यासाठीच तं पावत्या फाडून राह्यलो आपण."

तेव्हाही मला रडू आलं नाही. ती यायच्या दिवशी सकाळी भाऊंनी त्यांच्या घरची एक गादी पाठवली, दुसऱ्याच कुणाच्या हाती. स्वतः आले नाहीत. माझ्या खोलीत एकच गादी होती. मी ती आलेली गादी उन्हात टाकली आणि स्टँडवर गेलो. नेरची गाडी अजून लागायची होती.