बेलदऱ्याचं धरण आणि आक्काचं झबलं

एप्रिल सरता सरता मारेगावहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय शहात्तर. दरवर्षी या दिवसांत ती एकच गोष्ट विचारते, तीच विचारली. "बापू, धरणाचं पाणी यंदा कितीक उतरलं?"

मी सांगितलं, बरंच उतरलंय, जुन्या गावातल्या विहिरीची कडा उघडी पडली म्हणतात. दरवर्षी यापुढे माझं ठरलेलं असायचं : पुढच्या साली जाऊ. कधी मोटर जळालेली असायची, कधी कोणाचं लगन, कधी नुसतंच ऊन. या वेळी मी तोंड उघडायच्या आत ती बोलली, "गुडघे आता पुढच्या सालाचं काई बोलत नाईत."

मग काय, निघालो.

बेलदऱ्याच्या धरणाबद्दल मला पुष्कळ लोक विचारतात, म्हणून रस्ता, वेळ, खाणंपिणं सगळं लिहितो. पण आमचं जाणं बगीचा पाहायला नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. बेलदरा हे आक्काचं सासर. तिचं पहिलं लेकरू, मुलगा, चार महिन्यांचं होऊन गेलं. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बाया जात नाहीत. आक्काच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाचं एक झाड होतं, त्याच्या बुडाशी त्याला ठेवलं. दाजी, त्यांचे वडील आणि मी, असे तिघं गेलो होतो. मी सोळा वर्षांचा. कुदळ माझ्या खांद्यावर होती. पुढं सासूनं आक्काला त्या धुऱ्याकडे फिरकू दिलं नाही, कारण दुसरं पोटात होतं. ती वेळ टळते न टळते तो धरण झालं. साग तोडून नेले, गाव उठलं, वावरावर पाणी चढलं. दाजी गेले, त्यांचे वडील तर केव्हाच गेले. झाडाच्या कोणत्या अंगाला लेकरू ठेवलं हे सांगणारा जगात मी एकटा उरलो होतो.

आक्कानं दाजींच्या जुन्या धोतराचं एक झबलं शिवलं होतं. ते तिला तिथं ठेवायचं होतं. एवढंच.

ती आदल्या दिवशी एस्टीनं घाटंजीला माझ्याकडे आली. पंच्याहत्तरीच्या पुढं असल्यानं तिला तिकीट लागत नाही, आणि ही गोष्ट ती उतरल्याबरोबर दरवेळी सांगते. सकाळी साडेपाचला रहीमभाई व्हॅन घेऊन दारात हजर. रहीमभाई माझा तीस वर्षांचा दोस्त. मोटारपंप बांधायचं त्याचं दुकान आहे आणि व्हॅन दुकानापेक्षा जुनी आहे. आक्का पुढच्या सीटवर बसताना दार लागेना, तर म्हणाला, "आक्का, दरवाजाले जरा जोरानं हाना, त्याले प्यार की भाषा समजत नाई." आक्का म्हणाली, तुह्या दोस्तासारखाच हाय मग. दोघं हसले. मीही हसलो.

रस्ता म्हणाल तर पहिले दहा-बारा किलोमीटर गुळगुळीत डांबर, नंतर फाट्यापासून खड्डे. उन्हाळ्यात जायचं तर साडेपाचच्या पुढं निघू नका. नऊ वाजता ऊन डोक्यात शिरतं. फाट्यावर एकच हॉटेल आहे, तिथं गरम आलूबोंडा आणि वरून तर्री. चहा गोड, फार गोड. आक्कानं घरून ज्वारीच्या भाकरी, बेसन, ठेचा आणि कैरीचं पन्हं घेतलं होतं, पण आलूबोंडे दोन खाल्ले. रहीमभाईनं तिखटानं वाहणारं नाक पुसत विचारलं, गुडघ्याची गोळी घेतली का. ती म्हणाली, हेच गोळी समज.

फाट्यापासून थोड्या अंतरावर माझं वावर लागतं, तिथं पाणी प्यायला थांबलो. खरं सांगतो, मला ते दाखवायचंही होतं. गेल्या उन्हाळ्यात मी धरणातला गाळ आणून टाकला. आमच्याकडे सगळेच नेतात. पाणी उतरलं की पोकलेन लागतात, ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि बरड जमिनीवर तो काळा गाळ पडला की कपाशीची पऱ्हाटी छातीला लागते. दिवाळीत आक्का आली होती तेव्हा चार दिवस बायांसोबत कापूस वेचायला बसली. नको म्हटलं तर ऐकलं नाही. हात हलले की मले बरं वाटते, म्हणाली.

आता ती लिंबाखाली खुंटावर बसली. धरणातून गाळासोबत एक सागाचा खुंट निघाला होता, तो मी ट्रॉलीत टाकून आणला होता. इतकी वर्षं पाण्यात राहून लाकूड दगडासारखं. दिवाळीतही ती त्यावरच बसायची. तिनं मूठभर माती उचलली, बोटांनी फोडली, म्हणाली, "आमच्या बेलदऱ्याची माती हाय, वासावरून समजते." मी फुशारकीनं मान हलवली. मला तेव्हाही काही आठवलं नाही. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं.

धरणावर सात वाजता पोचलो. फाटकाशी माणशी वीस रुपये, गाडीचे वेगळे. आत बगीचा आहे : सिमेंटचा जिराफ, त्याचा एक कान गेलेला; लोखंडी झोके, ज्यांवर आठनंतर बसणं म्हणजे तव्यावर बसणं; फोटो काढायला मोठाल्या रंगीत अक्षरांत गावाचं नाव. बेलदरा. लोक त्या अक्षरांना टेकून हसत होते. आक्का थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. रहीमभाईनं विचारलं, फोटो काढू का. ती म्हणाली, आपल्याच गावाच्या पाटीजवळ कायचा फोटो, पाहुणे काढतात फोटो.

सावली हवी तर बगीच्याच्या उत्तरेला करंजाची झाडं आहेत, तिथं चटई टाका. नावेची फेरी उन्हाळ्यात बंद असते. भिंतीवर चढलात तर पाण्याचा निळा पट्टा फार देखणा दिसतो, बगळे दिसतात, पलीकडे डोंगराची रेघ दिसते. या सगळ्यात खोटं काही नाही.

खाली उतरायला मनाई आहे. चौकीदारानं अडवलं. आक्कानं त्याला आपण कोण, कुठल्या घरच्या, हे सांगितलं, तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "जा आजी, मी तिकडं पाहून नाई राह्यलो." आणि खरंच तोंड फिरवून उभा राहिला.

तळ भेगाळलेला होता. रहीमभाईनं आक्काला हात दिला, मी पुढं झालो. विहीर लगेच सापडली. विहिरीपासून उगवतीला चाळीसेक पावलं, म्हणजे आक्काच्या वावराचा तो धुरा. मी पावलं मोजत गेलो आणि छत्तिसाव्याला थांबलो, कारण पुढं जमीन नव्हती.

पुरुषभर खोल खड्डा. पाणी येऊन गेलं होतं तरी कडा सरळ कापलेल्या, पोकलेनच्या दातांच्या खुणा अजून दिसत होत्या. तळाशी हिरवं पाणी.

तेव्हा आठवलं. एकदम सगळं. गेल्या उन्हाळ्यात पोकलेनवाल्यानं विचारलं होतं, बाबा, कोठून काढू? गाळ उचलणाऱ्यांत जो जुना माणूस असतो त्याला हे विचारतातच, कारण जमीन कशी होती ते त्याला ठाऊक. आणि मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, त्या सागाच्या खुंटापासून धर, तिथली माती लोण्यासारखी, माह्या बहिणीचं वावर होतं. खुंट आड येतो म्हणाला तर म्हणालो, तोही काढ, लाकूड चांगलं आहे. मला साग आठवला. माती आठवली. लेकरू आठवलं नाही.

मागून आक्काचा श्वास ऐकू येत होता. ती गुडघ्यावर हात ठेवत ठेवत येत होती. मला दहा-वीस पावलांचा वेळ होता, आणि तेवढ्यात मी जे केलं ते या प्रवासातलं सगळ्यात वाईट. मी डावीकडे सरकलो, खड्ड्यापासून बराच दूर गेलो, एका उंचवट्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, "इथं, आक्का."

ती आली. उंचवट्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. पिशवीतून झबलं काढलं नाही.

"बापू," ती म्हणाली, "वावर माहं होतं. साग कुठं होता ते मले ठाव हाय. तू फक्त त्याच्या कोणत्या अंगाले ठेवलं ते सांग."

रहीमभाई माझ्याकडे, मग खड्ड्याकडे पाहत होता. गेल्या साली तोही माझ्यासोबत इथं उभा होता. तो हलकेच बाजूला झाला आणि विहिरीच्या दगडावर जाऊन पाठमोरा बसला.

मग मी सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायला उरलं काय होतं. पोकलेन, ट्रॉल्या, खुंट. मावळतीच्या अंगाला ठेवलं होतं, हेही सांगितलं. आता त्याचा उपयोग नव्हता, पण तिनं विचारलं होतं.

आक्का रडली नाही. खड्ड्याच्या काठाशी उभी राहून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे दिवाळीत मी त्याच्यावरच वेचून राह्यली होती." थोड्या वेळानं आणखी म्हणाली, "अन् बसली बी."

मी हात धरायला गेलो. तिनं झटकला नाही, नुसता काढून घेतला आणि रहीमभाईला हाक मारली, चल रे भाऊ, ऊन झालं.

करंजाखाली चटई टाकून जेवायला बसलो. तिनं दोघांना वाढलं, मला ठेचा जास्त लागतो म्हणून तो जास्त वाढला. स्वतः पन्हं प्यायली फक्त. शेजारी एका कुटुंबात कोणाचा तरी वाढदिवस चालू होता. त्यांनी केकचे तुकडे आणून दिले. तिनं घेतले, त्यांच्या कडेवरच्या लेकराच्या गालाला हात लावला, किती महिन्याचं हाय विचारलं.

परतताना वावर आलं तशी रहीमभाईनं गाडी हळू केली. आक्का समोर पाहतच म्हणाली, "थांबवू नको." त्यानंतर घाटंजीपर्यंत व्हॅनचं दारच काय ते वाजत होतं.

आठ दिवस राहायचं म्हणून आली होती. दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं गेली. दरसाल तिच्यासाठी ठेवतो ती तुरीची डाळ, त्याच वावरातली, मी पिशवीत भरून दिली होती. गाडी गेल्यावर पाहतो तर पिशवी स्टँडच्या बाकड्यावर होती, तोंड नीट बांधलेली. विसरली नव्हती.

मी पोराला विचारलं, पहिल्या ट्रॉल्या वावराच्या कोणत्या भागात रिकाम्या केल्या होत्या. तो म्हणाला, बाबा, सगळ्यावर फळी फिरवली, आता कोणती माती कुठं हे कोण सांगणार. बरोबर आहे त्याचं. खुंट मात्र लिंबाखालीच आहे. त्यावर मी कोणाला बसू देत नाही, आणि काहून ते सांगतही नाही. पोराला वाटतं बाबा म्हातारा झाला.

कोणी जाणार असेल तर सकाळी लवकर जा, पाणी सोबत न्या, भिंतीवरून पाहा. जागा खरंच देखणी आहे.

मृगाच्या आधी आक्काचा फोन आला. पेरणीचं विचारलं. मी म्हटलं, तो गाळाचा तुकडा यंदा पडीत ठेवावा म्हणतो.

"पेर," ती म्हणाली. "पडीत कायले ठेवतं? माती चांगली हाय." मग म्हणाली, "वेचाले मात्र मले बोलावू नको."

मी झबल्याचं विचारलं. आहे माझ्यापाशी, एवढंच म्हणाली. नंतर रहीमभाईला सलाम सांगायला सांगितला, आणि फोन ठेवला.