मर्ल थॉर्नबीचा मूळपुरुष

"आपला पूर्वज मवाली होता!" लॉइस ओरडली. "क्वेकर होता, क्वेकर!" तिचा भाऊ मर्ल ओरडला. आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनच्या घराच्या कुंपणाआडून मी हे ऐकलं त्याला दोन वर्षं झाली. भांडण चाललंय हे कळायला मला इंग्रजी लागत नाही. कशावरून ते कळायला नात लागते, म्हणून अंतराला हाताला धरून शेजारी उभी केली.

मर्ल थॉर्नबी आमचा शेजारी. पस्तीस वर्षं टपाल वाटलं, लग्न केलं नाही. क्वेकर, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांबरोबर जहाजातून इकडे आलेला कुणी जोसाया आपला मूळपुरुष, गप्प, सोवळा माणूस, असं तो धरून चालला होता. त्या जुन्या क्वेकरांना गाणंबजावणं वर्ज्य. म्हणून मर्लकडे रेडिओ नाही, आणि लॉइस व्हायोलिन वाजवते म्हणून तिच्या घरात त्याचं पाऊल नाही. ती म्हणे, "आधी पुरावा आण, मग रुसून बस."

पुराव्यासाठी मर्ल नळीत थुंकून ती थुंकीवरून वंश सांगणाऱ्या कंपनीला पोस्टाने पाठवायचा. उत्तर आलं, तुम्ही इंग्लंडकडचे.

"ते तर तोंडावरून कळतं," मी म्हटलं. "आणि आडनाव?"

म्हणाला, तिकडे थॉर्नबी नावाचं गाव आहे.

"मग थॉर्नबीकर म्हण की! आमच्यात त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत पिढ्या लिहिलेल्या असतात. तुमच्या वह्या कुणाकडे?"

मर्लने डोकं खाजवलं. वह्या असल्या तर क्वेकरांच्या प्रार्थनासभेकडे, आणि तिथे तो जन्मात गेला नव्हता!

रविवारी आम्ही तिघं गेलो. भटजी नाही, घंटा नाही, सगळे नुसते गप्प. अर्ध्या तासात माझा गुडघा आखडला, म्हणून उभी राहिले. तर सगळी सभा माझ्याकडे कान देऊन बसली. अंतरा कुजबुजली, "आजी, इथे आतून काही आलं की उभं राहतात. नाउ यू हॅव टु से समथिंग!"

आतून कळ आली होती. पण म्हटलं, आलोय कशाला? "बायांनो, या मर्लचा मूळपुरुष कुणाच्या वहीत असेल तर सांगा. बिचारा थुंकून दमला."

अंतराने लाल तोंडाने भाषांतर केलं, थुंकीसकट. नंतर एका म्हातारीने नाव लिहून घेतलं.

महिन्याने जुन्या नोंदीची नक्कल आली. जोसाया होता, क्वेकरच होता. लग्नात व्हायोलिन वाजवलं म्हणून त्याला सभेतून काढलं होतं. माफी लिहून दिली, परत घेतलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा काढलं. असं तीनदा.

मर्ल दोन दिवस पडदे लावून बसला.

"लॉइसला कधी सांगणार?" मी विचारलं.

"थोडं थांबून."

"थोडं म्हणजे? चौऱ्याऐंशीचा झालास!"

हिवाळाभर कागद ड्रॉवरमध्ये राहिला.

एप्रिलमध्ये एका रविवारी पहाटे मर्ल झोपेतच गेला. आदल्या दिवशीचं लॉइसने मला सांगितलं. दर शनिवारी तो तिला अंडी, पाव आणि मांजराचं खाणं नेऊन देई. पिशवी पायरीवर ठेवायची, बेल दाबायची, आणि ती बाहेर येईपर्यंत गाडीत बसायचं. त्या दिवशीही तसंच केलं. अंड्यांवर ती नक्कल होती. लॉइसने दारातच वाचली, आत गेली, व्हायोलिन घेऊन आली आणि पायरीवर बसून वाजवू लागली. मर्लने गाडीची काच खाली केली. सगळं ऐकून घेतलं.

"अंडी आत ठेव, खराब होतील," म्हणाला, आणि गाडी सुरू केली.