पांढऱ्या शेळीचं काळं करडू

आमच्या कळपातल्या बहुतेक शेळ्या काळ्या. पांढरी एकच होती आणि ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फार लाडकी. पांढऱ्या जनावराला भाव बरा येतो म्हणून आबांनी उमापूरच्या एका शेळीवाल्याशी अदलाबदल केली. आपला काळा बोकड त्याला दिला आणि त्याचा पांढराशुभ्र बोकड घरी आणला. आता घरात पांढरी करडंच नाचणार, असं ते महिनाभर येईल त्याला सांगत होते.

पांढरी व्याली तेव्हा पहिलं करडू पांढरं निघालं. दुसरं निघालं काळं कुळकुळीत.

आबा तडक शेजाऱ्याच्या दारात गेले. "तुझा काळा बोकड मोकळा कावून सोडतोस बे?"

शेजारी भाकरी खात होता. तो शांतपणे म्हणाला, "माझा बोकड मी दिवाळीतच इकला. तुजी शेळी लागली कवा, ते बोटावर मोज."

आबांनी मोजलं आणि आल्या पावली परत आले.

मी तेव्हा बारावीला होते. जीवशास्त्राच्या पुस्तकात वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांचा एक धडा होता. तो मी घोकून घोकून पाठ केला होता, पण डोक्यात काडीचाही शिरला नव्हता. त्या दिवशी गोठ्यात ओल्या करडाकडे बघताना तो एकदम शिरला. मी आबांना विचारलं, "पांढरीची आई कोणत्या रंगाची होती?"

"काळी."

"आणि या बोकडाची?"

आबांनी उमापूरला फोन लावला. तीही काळीच होती. मग मी शेणातच बसून त्यांना समजावलं. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून येते, एक बापाकडून. पांढरी आणि काळी चिठ्ठी एकत्र आली की पांढरीच चालते आणि काळी गुपचूप बसून राहते, मरत मात्र नाही. या दोघांच्याही पोटात एकेक काळी चिठ्ठी लपलेली होती. करडाला नेमक्या त्या दोन्ही मिळाल्या.

"म्हंजी वरून पांढरी, आतून काळी?" आबा म्हणाले. "मान्सासारखंच की मग!"

तेव्हापासून मला नादच लागला. कुणाच्याही घरी गेले की मी घाऱ्या डोळ्यांचं माणूस शोधायची आणि मग त्याच्या आजी-आजोबांची चौकशी करायची. आई म्हणायची, ही चहाला जात नाही, स्थळ बघायला जाते. मी बीएस्सीला गेले तरी खोड गेली नाही. मात्र दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसताना आपल्या घराकडे बघायचं मला दोन वर्षं सुचलं नाही.

सुचलं ते आबा पुन्हा बोकड बदलायला निघाले तेव्हा. बोकड चांगला धष्टपुष्ट होता.

"कावून बदलताय? एवढा चांगला तर हाय," मी विचारलं.

"आता त्याच्या लेकी मोठ्या झाल्या. आपल्याच लेकीवर गेला तर करडं मरतुकडी निपजत्यात. माझा आजा बी दोन वर्साला बदलायचा." आबा दोर सोडत सहज बोलले.

मी तिथेच उभी राहिले. माजलगावला माझी सख्खी आत्या आहे. तिला दोन मुलगे. थोरला जन्मापासून ऐकू न येणारा, धाकटा चांगला ऐकणारा आणि त्याहून चांगला बोलणारा. आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. त्यामुळे मी चौथीत असतानाच आबांनी आत्याला शब्द दिला होता, की माझी मुलगी तुझ्या धाकट्याला. माझी तक्रार मुळीच नव्हती, तो मला आवडत होता. रोज रात्री फोनवर तासभर बोलल्याशिवाय आम्हाला झोप येत नसे. पण आत्यालाही तिच्या आत्याच्याच घरात दिलेलं, तिची सासू म्हणजे माझ्या आजोबांची सख्खी बहीण. म्हणजे आम्ही बोकड बदलत होतो आणि माणसं तीच ठेवत होतो.

"आबा," मी म्हणाले, "मग मला आत्याच्या घरी कावून देताय?"

"शेरडाचं अन् मान्साचं एक करतीस व्हय?" आबा असे ओरडले, की बोकडसुद्धा बिचकला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्या काळ्या करडाचं पुन्हा सांग बरं."

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात आम्ही तिघांनी तपासणीसाठी रक्त दिलं, मी, धाकटा आणि त्याचा थोरला भाऊ. घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. धाकटा परतीच्या एसटीत म्हणाला, "तुजं गणित लई बरुबर असतं. या टायमाला तेवढं चुकू दे." मीही मनातल्या मनात तेच मागत होते. स्वतःचं उत्तर चुकावं असं मला आयुष्यात तेव्हा एकदाच वाटलं.

चुकलं नाही. थोरल्याकडे ऐकू न येण्याची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी आलेली होती. धाकट्याकडे एक लपलेली होती आणि माझ्याकडेही एक. रिपोर्ट घ्यायला तिघंही गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता, आणि चिठ्ठ्या दर वेळी नव्याने उचलल्या जातात. ऐकू न येणं म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे, हेही त्या म्हणाल्या. थोरल्याने ते ओठांवरून वाचलं आणि मान हलवली. तो उत्तम वेल्डिंग करतो. पण मग त्याने आमच्या दोघांकडे बघून हातांनी सावकाश सांगितलं, शाळेत बाकावर एकटा, वर्षानुवर्षं एकटा. लग्न करायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलं आणि मी आठवडाभर रडले. विज्ञान कळलं म्हणून रडू कमी येत नाही.

मग मी आबांना रिपोर्ट दाखवला आणि आम्ही दोघं आत्याला सांगायला माजलगावला गेलो. ओसरीवर आत्या लसूण सोलत होती, तिचे मालक खाटेवर बसले होते. आबांना सुरुवातच करता येईना. शेवटी मीच सांगितलं, शेळीपासून रिपोर्टपर्यंत सगळं. दिलेला शब्द मोडतोय, आत्या आता आकांत करणार, असं मी धरून चालले होते.

आत्याने लसूण बाजूला ठेवला. "दोन्हीकून यावं लागतं? एकट्या बाईकून न्हाई होत?"

"न्हाई आत्या. एक तुझ्याकून, एक मालकांकून."

"थोरला पोटात असताना गिरान लागलं व्हतं," ती म्हणाली. "मी इळीवर भेंडी चिरली म्हून पोरगं असं झालं म्हनत्यात. आजवर ह्या घरात तेच ऐकत आले. मी तर त्या दिशी इळीला हात बी लावला न्हवता." मग ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलं का? अर्धं तुमचं हाय."

आत्याने पदराने डोळे पुसले आणि ती उठली.

"थांब," ती मला म्हणाली. "सासूला भाईर आनते. तिच्याम्होरं पुन्हा सांग, पहिल्यापासनं. अन् मोठ्यानं सांग, तिला आता कमी ऐकू येतं."